अर्धा दिवस मराठीचा

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रात जो वाद पेटला, तो मी बर्लिनमध्ये बसून रोज वाचत होते. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य झाली, १७ जूनच्या सुधारित निर्णयात 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' आले, आणि विरोधाचा जोर वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सक्तीला विरोध करणाऱ्यांच्या बाजूची मी तेव्हा होते आणि आजही आहे. पण त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला, याची मला खंत वाटते. मुलांना भाषा किती शिकवायच्या यावर सभा झाल्या, अग्रलेख आले. मुलांनी गणित, विज्ञान आणि इतिहास कोणत्या भाषेतून शिकायचा, यावर मात्र फारच थोडे लोक बोलले. मराठीसाठी तळमळीने बोलणाऱ्या कितीतरी घरांतली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. माझ्या माहेरी आणि सासरीही तेच चित्र आहे, आणि त्या आईवडिलांना मी दोष देत नाही, कारण त्यांना दोनच वाटा दिसतात: इंग्रजी माध्यम, नाहीतर पटसंख्या घसरत चाललेली जवळची मराठी शाळा.

आमची मुलगी इथे ज्या खासगी शाळेत शिकते, ती जर्मन-इंग्रजी द्विभाषिक शाळा आहे, आणि तिथे जे रोज पाहते त्यावरून तिसरी वाट शक्य आहे असे माझे मत झाले आहे. शाळेच्या बालवाडीत, ज्याला इथे 'किटा' म्हणतात, प्रत्येक गटाला दोन शिक्षिका असतात. एक दिवसभर फक्त जर्मन बोलते, दुसरी फक्त इंग्रजी. मूल कोणत्याही भाषेत बोलले तरी त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते, उत्तर मात्र ज्या त्या शिक्षिकेच्या भाषेत मिळते. दोघीही गोष्टी सांगतात, दोघीही भांडणे सोडवतात, दोघीही नाक पुसतात आणि बुटांचे बंद बांधतात. पुढे पहिलीपासून विषय वाटून घेतलेले असतात: गणित आणि जर्मन वाचन-लेखन जर्मनमधून, परिसर अभ्यास, संगीत आणि चित्रकला इंग्रजीतून. माध्यमिक वर्गांत काही विषय भाषा बदलतात, पण बारावीच्या 'आबिटूर' परीक्षेपर्यंत दोन्हींपैकी एकही भाषा केवळ 'भाषा विषय' म्हणून कोपऱ्यात बसवली जात नाही. इंग्रजीच्या ओढीने मुलांना इथे पाठवणाऱ्या पालकांपैकी एकानेही, निदान माझ्यासमोर, जर्मनचा वाटा कमी करा अशी मागणी केलेली नाही.

दुसरीत असताना संख्यावाचनाचा एक तास मला पाहायला मिळाला. जर्मनमध्येही मराठीसारखाच एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतात. इंग्रजीत क्रम उलटा. जर्मन शिक्षिका संख्या सांगत होती आणि मुले वहीत लिहीत होती. काहींनी आधी एककाचा अंक लिहिला आणि मग त्याच्या डावीकडे दशकाचा. नंतर इंग्रजी शिक्षिकेच्या तासाला तीच मुले खोट्या युरोंनी दुकान-दुकान खेळली आणि इंग्रजीत हिशेब करू लागली. काही जण चुकत होती, शिक्षिका थांबत होती, पुन्हा विचारत होती. हे पाहताना मला २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून झालेला वाद आठवला. मराठी संख्यावाचन मुलांना अवघड जाते म्हणून एकवीस, बावीस यांच्या जोडीने 'वीस एक, वीस दोन' असे वाचन त्या पुस्तकात सुचवले होते. त्यामागचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण मुलाला अवघड जाते त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते, की त्या भाषेत पुरेसा वेळ, पुरेशी पुनरावृत्ती आणि पुरेशी धीराची शिक्षिका त्याला मिळालेली नसते.

आता याच्या शेजारी आपल्याकडची नर्सरी ठेवून पाहा. पुण्यातल्या माझ्या भाचीला घ्यायला मी सुट्टीत तिच्या शाळेत जात असे. तिथे मिस इंग्रजीत बोलतात, गाणी इंग्रजी, गोष्टी इंग्रजी, भिंतीवरची अक्षरे इंग्रजी. मराठी बोलतात त्या मावशी, ज्या मुलांना शौचालयात नेतात, डबा उघडून देतात आणि सांडलेले पुसतात. त्या मावशी अतिशय मायेच्या आहेत, आणि मुले रडू लागली की त्यांच्याकडेच धावतात. पण तीन वर्षांचे मूल हेही पाहत असते, की गोष्ट सांगणारी, फळ्यावर लिहिणारी, शाबासकी देणारी व्यक्ती एका भाषेत बोलते आणि फरशी पुसणारी दुसऱ्या. कोणत्या भाषेला किंमत आहे, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

तीच भाची चौथीत गेली तेव्हा तिच्या हातात परिसर अभ्यासाचा दुसरा भाग आला, म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास. राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात तो इंग्रजीतून शिकवला जातो. तोरणा, प्रतापगड, पन्हाळा यांची नावे ती इंग्रजी लिपीतून, शब्द तोडत वाचत होती, आणि 'फिरंगोजी नरसाळा' तिला दोन प्रयत्नांनंतरही नीट म्हणता आले नाही. चाकणचा किल्ला तिच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. पण आठवड्यातल्या काही तासिकांपुरती मराठी शिकून ती विचाराची भाषा होत नाही. त्यासाठी तिच्यातून काहीतरी शिकावे लागते.

'मराठी काय, घरी येतेच' हे मला सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर. या समजुतीच्या मुळाशी एक अर्धसत्य आहे. कॅनडात मॉंट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात १९६५ मध्ये इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहाने मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली, आणि त्या मुलांची इंग्रजी मागे पडली नाही. हा दाखला आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या समर्थनार्थ सहज देता येईल. मात्र त्याच शाळेत दुसरीपासून इंग्रजी वाचन-लेखन सुरू होत असे आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत निम्म्याच्या आसपास शिक्षण इंग्रजीतून होत असे. शिवाय ती मुले ज्या खंडात वाढत होती, तिथे नोकरी, बाजार आणि विद्यापीठ या सगळ्यांची भाषा इंग्रजीच होती. मराठीच्या पाठीशी तसे बळ नाही. कॅनडातलेच अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवले आहे की नव्या भाषेत रोजचे बोलणे दोनेक वर्षांत जमते, पण पाठ्यपुस्तकाची, तर्क मांडण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. घरी येते ती पहिल्या प्रकारची मराठी. दुसरी शाळेतच यावी लागते, नाहीतर येत नाही.

हे मी इथे आमच्या घरातच पाहते. आमची मुलगी मराठी बोलते, आजीशी फोनवर गप्पा मारते, रविवारच्या मराठी वर्गाला जाते. पण पाण्याचे बाष्प कसे होते हे तिला मराठीत समजावून सांगता येत नाही, कारण ते ती मराठीत कधी शिकलीच नाही. बर्लिनमध्ये याला इलाज नाही, आणि तो आमच्या स्थलांतराचा खर्च म्हणून आम्ही पत्करला आहे. साताऱ्यात किंवा ठाण्यात राहणाऱ्या कुटुंबाने तोच खर्च का सोसावा, हे मला समजत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे: हे सगळे परीक्षेत कसे बसवणार? माझ्या मते ते आधीच बसलेले आहे. सेमी इंग्रजीची मुले दहावीला गणित आणि विज्ञानाच्या उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहितात आणि इतिहास-भूगोलाच्या मराठीत. म्हणजे एकाच विद्यार्थ्याची दोन भाषांत परीक्षा घेण्याची व्यवस्था आपल्या राज्य मंडळाकडे आहे आणि ती वर्षानुवर्षे चालू आहे. सेमी इंग्रजी हा महाराष्ट्राने आपल्याच गरजेतून काढलेला द्विभाषिक मार्ग आहे, आणि त्याकडे तडजोड म्हणून पाहणे थांबवायला हवे. त्याच्या उणिवा दुरुस्त होण्याजोग्या आहेत. पहिली उणीव अशी, की मानाचे समजले जाणारे दोन्ही विषय इंग्रजीकडे गेले आणि मराठीकडे उरलेले आले. बर्लिनच्या सरकारी युरोपा शाळांत, ज्या १९९२ पासून जर्मनच्या जोडीला इंग्रजी, फ्रेंच, पोलिश, तुर्की अशा नऊ भाषांपैकी एक घेऊन चालतात, गणित जर्मनमध्येच ठेवलेले आहे. आपणही निदान सातवीपर्यंत गणित मराठीत ठेवावे, विज्ञान इंग्रजीतून शिकवावे आणि संज्ञा दोन्ही भाषांत द्याव्यात, असे मला वाटते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे: इंग्रजी पुस्तकातले वाक्य वाचायचे आणि मराठीत अर्थ सांगायचा, अशी शिकवण्याची पद्धत अनेक वर्गांत रूढ आहे. त्यात मूल इंग्रजी ऐकण्याचे कष्टच घेत नाही, कारण मराठी मागून येणार हे त्याला ठाऊक असते, आणि उत्तर मात्र इंग्रजीतच पाठ करते. एका तासाला एकच भाषा, ही शिस्त इथून घेण्यासारखी आहे. त्यासाठी दोन्ही भाषांत पक्के शिक्षक लागतील, आणि सगळ्यात अवघड काम तेच आहे. डी.एड.च्या अभ्यासक्रमात द्विभाषिक अध्यापन हा स्वतंत्र विषय आल्याशिवाय ते होणार नाही.

वाचन-लेखन मात्र आधी मराठीतच पक्के झाले पाहिजे. जन्माने अमेरिकन असलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये मुलांच्या मराठी साक्षरतेवर आयुष्य वेचले, आणि तिथले कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा त्यातूनच उभी राहिली. एका परदेशातून आलेल्या बाईंना आपल्या भाषेची शैक्षणिक ताकद दिसली. ती आपल्या खासगी संस्थाचालकांना दिसू नये, याचे मला वाईट वाटते.

इथले सगळे गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. जर्मन राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार खासगी शाळेला पालकांच्या उत्पन्नावरून मुलांची विभागणी करता येत नाही. म्हणून आमच्या शाळेचे शुल्कही उत्पन्नानुसार ठरते. तरीही २०१६ मध्ये बर्लिनमधल्याच अभ्यासकांनी दाखवून दिले की राज्ये या कलमाची अंमलबजावणी काटेकोरपणे करत नाहीत, आणि आमच्या मुलीच्या वर्गाकडे पाहिले की ते पटते. १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांची नातवंडे-पतवंडे या शहरात मोठ्या संख्येने आहेत. क्रॉइत्सबर्गमधल्या अझीझ नेसिन शाळेत जर्मन-तुर्की शिक्षणाची सोय आहे, पण तशा जागा मोजक्याच. इंग्रजी-जर्मन बोलणारे मूल हुशार ठरते आणि तुर्की-जर्मन बोलणाऱ्या मुलाच्या भाषेची चिंता केली जाते. आपल्याकडे हेच गोंडी, कोरकू, भिली आणि वारली बोलणाऱ्या मुलांच्या वाट्याला येते, आणि तिथे मराठी ही वरचढ भाषा असते. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शाळा सुरू केली, तेव्हा तिने मागितले ते आपण इंग्रजीसमोर मराठीसाठी मागतो त्याहून वेगळे नव्हते. मराठीच्या हक्काची बाजू मांडणाऱ्यांनी ही बाजूही तितक्याच जोराने मांडली पाहिजे.

शुल्काच्या बाबतीत आपल्याकडे निदान शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागा आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट देणारी अधिसूचना निघाली आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, हे योग्यच झाले. पण हा हक्क आठवीपर्यंतच पुरतो. नर्सरीपासून दोन भाषांत वाढलेले गरीब घरातले मूल नववीत शुल्काअभावी बाहेर पडले, तर त्याची दोन्ही भाषांतली बांधणी ऐन मोक्यावर अर्धवट राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेचा आग्रह शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत धरते, आणि आठवीपर्यंत व त्यापुढे ती असावी हे केवळ श्रेयस्कर मानते. द्विभाषिक शाळेला स्वतंत्र मान्यता द्यायची असेल, तर ती दहावीपर्यंतची असावी आणि राखीव जागाही तिथपर्यंत असाव्यात.

सरकार हे करेल तेव्हा करेल. शुल्क भरणाऱ्या पालकांच्या हातात त्याआधीही बरेच आहे. नर्सरीच्या प्रवेशासाठी शाळा पाहायला जाल, तेव्हा स्विमिंग पूल आणि स्मार्ट बोर्डाबरोबर एवढे विचारा: वर्गात गोष्ट मराठीतून सांगणारी शिक्षिका कोण आहे, सहावीत कोणता विषय मराठीतून शिकवला जातो, आणि तो शिकवणाऱ्यांचा पगार इंग्रजीतून शिकवणाऱ्यांइतकाच आहे का. दहा पालकांनी हे विचारले तर मुख्याध्यापक हसून उत्तर टाळतील. शंभरांनी विचारले तर संस्थेच्या पुढच्या बैठकीत तो विषय निघेल.