खात्याला कूळ लागलं

दाजींच्या आई टीव्हीकडं बघून म्हणाल्या, "ह्या बाईनं काही घातलंय का नाही?" त्यानंतर खोलीत फक्त कूलरचा आवाज राहिला.

बाईनं टॉवेल गुंडाळला होता. हातात करवत, करवतीला रक्त, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'सर, खास तुमच्यासाठी'. सर म्हणजे मी. ॲपनं नाव विचारलं तेव्हा 'सर' असंच टाकलं होतं, कारण परभणीत मला त्याच नावानं ओळखतात, माझी बायकोसुद्धा. शेजारच्या चौकटीत आणखी एक बाई, तिच्याकडं करवत नव्हती आणि टॉवेलही जेमतेमच.

ताई, दाजी आणि त्यांच्या आई गंगाखेडहून लग्नासाठी आले होते. जेवणं झाली, बाहेर ऊन असं की कुत्रं रस्त्यावर नाही. "एखादा साधा मराठी पिक्चर लाव," ताई म्हणाली. एवढीच मागणी. रिमोट चालेना म्हणून मी सेल काढून तळहातावर चोळत होतो, तेवढ्यात टॉवेलवालीची झलक आपोआप सुरू झाली, किंकाळीसकट. हे आपोआप सुरू होणं कोणाच्या सुपीक डोक्यातून आलं असेल? नेटफ्लिक्सच्या गिऱ्हाइकांनी याच झलकांवरून इतकी बोंब मारली की २०२० मध्ये त्यांना ती बंद करायची सोय द्यावी लागली. आमचं ॲप वेगळं. त्यांच्यापर्यंत ती बोंब अजून पोचायची आहे.

आणि अशा वेळी आमच्याकडं अण्णा हजर असतात. शेजारचे अण्णा, निवृत्त तलाठी. दुपारी पेपर वाचायला म्हणून येतात आणि कूलरसमोरची खुर्ची धरतात. आता ते उठले, चष्मा पुसला, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि जुना दस्त वाचावा तशी ती ओळ डावीकडून उजवीकडं वाचत गेले.

"सर, हे कोणी लिवलं?"

"कोणी लिहीत नाही अण्णा. आपण काय काय पाहिलं त्यावरून ते मशीन ठरवतं."

"पाहणीला कोण आलतं?"

"पाहणीला कोणी येत नाही. आपण बटण दाबलं की तिकडं नोंद होते."

"म्हंजे जाग्यावर कोणी आलंच नाई." अण्णांच्या तोंडावर मोठं समाधान पसरलं. "आमीबी चावडीवर बसून आख्ख्या शिवारात ऊस लिवलाय. त्या साली गावात प्यायला टँकर व्हता."

मी समजावायला गेलो. म्हटलं, आपल्यासारखंच पाहणारे दुसरे लोक ते शोधतात, त्या लोकांनी आणखी काय पाहिलं ते बघतात आणि आपल्यापुढं ठेवतात.

"शेजाऱ्याच्या रानात सोयाबीन, म्हणून तुमच्या रानात सोयाबीन."

"तसंच काहीसं."

"अन् शेजारी कोण हाय तुमचा? ह्या करवतवाल्या बाया बघणारा?"

दाजी खाकरले. मी घाईनं म्हणालो की हे मी पाहिलेलंच नाही. कोणी विश्वास ठेवला नाही. वर्गात एखादा पोरगा 'सर, मी नाही' म्हणाला की मीही ठेवत नाही.

"मंग जुना रेकॉर्ड काढा," अण्णा म्हणाले.

रेकॉर्ड टीव्हीवर निघत नाही, त्यासाठी फोनवरून सेटिंगमध्ये शिरावं लागतं. एका पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. अखेर 'आधी पाहिलेलं' अशी यादी निघाली, तारखांसकट. अण्णांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. त्यांना असं काहीतरी हातात मिळून बरीच वर्षं झाली असावीत.

"सोमवारी तुमी कालेजात व्हता का नाई?"

"होतो."

"सोमवारी सात भाग. दिवसाउजेडी. मंगळवारी पाच. गुरुवारी रजा दिसती." अंगठ्यानं यादी वर सरकवत ते पार पलीकडच्या महिन्यात गेले. "ह्या खात्यावर नाव तुमचं हाय सर, पण कसायलंय दुसरंच कोणी."

मग त्यांना 'चालू असलेली उपकरणं' सापडली. टीव्ही, परभणी. मोबाइल, लातूर.

"लातूरला कोण ऱ्हातंय तुमचं?"

आम्ही कोणीच ताईकडं बघितलं नाही, आणि त्यामुळंच सगळ्यांना कळलं. ताईचा मुलगा, माझा भाचा, लातूरला नीटची तयारी करतोय. क्लासची फी, होस्टेल, मेस, यांचा हिशेब मांडायला घेतला की दाजींचं ब्लडप्रेशर वाढतं. पासवर्ड मीच दिला होता आणि त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. भाच्यानं मामाकडं नाही मागायचं तर कोणाकडं मागायचं?

"कूळ लागलंय तुमच्या खात्याला," अण्णांनी निकाल दिला. "१९५० चा हैदराबाद कूळ कायदा. आपल्या मराठवाड्याला त्योच लागू. कब्जा कोणाचा, वहिवाट कोणाची, हे बघतेत. आता हे मशीन तेलाच मालक समजायलंय. तेला काय आवडतंय ते तुमच्यापुढं आणून टाकायलंय."

माझ्या वैतागाचं इतकं नेमकं निदान त्या ॲपच्या एकाही इंजिनिअरनं केलेलं नाही. ताईनं मात्र पोराला सोडून मलाच धरलं. "तू दिलास म्हणून बघितलं त्यानं." दाजींच्या आईंचं म्हणणं होतं की आधी ती बाई तरी बंद करा.

रात्री चिडून मी या विषयावर मिळेल ते वाचत बसलो. २००६ मध्ये नेटफ्लिक्सनं पैज लावली होती : आमच्या शिफारशीचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. त्यासाठी ४ लाख ८० हजारांवर गिऱ्हाइकांनी १७,७७० चित्रपटांना पाचपैकी किती तारे दिले, अशा दहा कोटींवर नोंदी त्यांनी जगापुढं ठेवल्या. अंदाजातली चूक साधारण ०.९५ ताऱ्यावरून ०.८६ वर आणायला जगभरच्या हुशार लोकांना तीन वर्षं लागली. २००९ मध्ये बक्षीस दिलं, आणि जिंकलेली पद्धत पूर्ण अशी कधी वापरलीच नाही. तोवर धंदा डीव्हीडीवरून इंटरनेटवर सरकला होता आणि एवढा खटाटोप परवडेल असं कंपनीला वाटेना. दुसऱ्या दिवशी अण्णांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आमच्याकडं बांधाच्या भांडणात ह्याहून बारीक फरकासाठी तीस-तीस वर्सं केस चालती."

त्या याद्यांमधली नावं पुसलेली होती. तरीही टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दुसरीकडं उघडपणे दिलेले तारे आणि तारखा ताडून त्यातली काही माणसं हुडकून काढली. पुढं खटला झाला आणि ठरलेली दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द करावी लागली. अण्णांना एवढ्याच कामाला एक कप चहा लागला.

२०१७ मध्ये नेटफ्लिक्सनं तारे काढून अंगठा आणला. हे अण्णांना फार पटलं. "अंगठाच बरा. आमाला फसवलं ते सही करणारांनी."

पण दहा कोटी नोंदी मोजूनही माझा प्रश्न आहे तिथंच आहे. हे लोक खातं ओळखतात. समोर कोण बसलंय ते यांना माहीत नाही, आणि विचारायचीही तसदी घेत नाहीत. टीव्ही ही आमच्याकडं अजून चारचौघांत बघायची वस्तू आहे. सासू आहे, सून आहे, दहावीतली पोरगी आहे, मधूनच अण्णा आहेत. या सगळ्यांना चालेल असं काहीतरी शोधता शोधता जेवणं उरकतात, दूध तापतं, माणसं पेंगतात, आणि शेवटी कोणीतरी बातम्या लावतं.

मराठीची तर वेगळीच गंमत. मराठी म्हणून एक ओळ आहे, तिच्यात तेच ते चित्रपट जागा बदलून येतात. देवनागरीत नाव टाकलं की 'काही सापडलं नाही'. इंग्रजीत टाकावं, तर स्पेलिंग त्यांच्या मनातलं पाहिजे. मी एकदा दुष्काळावरचा एक चित्रपट पाहिला, तेव्हापासून ॲप मला भेगाळलेली जमीन आणि कोरड्या विहिरी दाखवतंय. कोरडी विहीर बघायला मला महिन्याला पैसे भरायची गरज नाही. आणि मराठवाड्यातला माणूस म्हटलं की त्याला रडायलाच आवडत असणार, हे कोणी ठरवलं? आम्हाला चोरीचे, भुताचे, खो-खो हसवणारे चित्रपट नकोत का? सापडले तर बघू की.

अण्णा म्हणाले, अर्ज करा. लेखनप्रमाद दुरुस्ती, महसूल अधिनियम, कलम १५५. मी म्हटलं, ते कलम अमेरिकेपर्यंत पोचत नाही. तरी त्यांनी मजकूर सांगितलाच : मौजे परभणी येथील खातेदार सर यांच्या नावे न पाहिलेल्या चित्रपटांची नोंद झालेली असून ती कमी करून मिळणेबाबत. पुढं मागण्या माझ्या. 'हे मी पाहिलेलं नाही' असं बटण टीव्हीवरच, त्या चित्राखालीच असावं. दहा मिनिटांत वैतागून बंद केलेलं 'आवडलं' म्हणून धरू नये. 'घरात वडीलधारी बसलीत' हे एका दाबात सांगता यावं. एखादी गोष्ट का दाखवताय, ते माणसाला कळेल अशा मराठीत लिहावं. २०२१ पासून आपल्या राज्यात शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून फोटोसकट पिकाची नोंद करतो, हे उदाहरणही मी घातलं. सरकारी ॲप रेंजअभावी रुसतं, हँग होतं, सगळं खरं, पण रानात काय पेरलंय ते निदान रान कसणाऱ्याला विचारतं.

अभिप्रायाच्या चौकटीत हे मावेना. 'मौजे परभणी'पासून 'कमी करून'पर्यंत गेलं, 'मिळणेबाबत' बाहेर राहिलं. लगेच उत्तर आलं : आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. खाली, हे उत्तर कसं वाटलं ते सांगायला पाच तारे.

तिकडं ताईनं लातूरला फोन करून पोराला झापलं. तो म्हणाला, बायोलॉजीचे व्हिडिओ होते. आणि त्याच रात्री त्यानं 'सर' या प्रोफाइलला चार आकडी पिन लावून टाकला, म्हणजे परत कोणी रेकॉर्ड काढायला नको. आता माझ्याच नावाच्या खात्यात मला प्रवेश नाही. पिन विचारायला फोन केला तर क्लासमध्ये असतो म्हणे. मी सध्या 'लहान मुलं' या चौकटीतून आत जातो आणि सशांची गाणी बघतो. पैसे दर महिन्याला माझ्याच बँकेतून कटतात. अण्णा म्हणतात, सारा मालकानंच भरायचा असतो.