'उंटावरून शेळ्या' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

अमेरिकेतल्या आमच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचा स्वतःचा इन्कम टॅक्स अजून खाली यावा, जमलं तर शून्यच व्हावा, या माझ्या लेखावर पुण्याहून 'अनामिक' यांची लांबलचक कमेंट आलीये. मुद्दे साधारण असे, की कॅन्सस या दुसऱ्या राज्यात हेच करून दिवाळं वाजलं, इन्कम टॅक्स घटवून सेल्स टॅक्स गरिबाच्या माथी मारला, शिक्षकांचे पगार रखडले. आणि सुरुवातच ही: "तुमच्यासारख्या एनआरआयनी कॅरीतल्या एसी घरात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे, टॅक्स कट लागतात ते श्रीमंतांनाच." (कॅरी म्हणजे इथलंच एक शहर.)

मतभेद असू द्या हो, त्याला ना नाही. पण ही कुठली भाषा? तुम्ही मला ओळखत नाही, माझा पगार तुम्हाला माहीत नाही, आणि थेट उंटावर बसवून मोकळे!

आता ऐकाच. 2011 ला आम्ही कॅरीशेजारच्या मॉरिसव्हिलला वन बेडरूममध्ये राहत होतो, एकट्याचा पगार, बायको एच-4 वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, तिला काम करायची परवानगीच नाही, मुलगी पाळण्यात. एसी होता पण बिलाच्या भीतीने संध्याकाळशिवाय लावायचो नाही. पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) फेडरल म्हणजे केंद्राचा टॅक्स, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर कापून झालं की खाली एन.सी. विथहोल्डिंगची, म्हणजे राज्याच्या टॅक्सच्या कपातीची ओळ, आणि तेव्हा इथे नवरा-बायकोच्या 21,250 डॉलरच्या टॅक्सेबल इन्कमनंतर 7 टक्क्यांचा स्लॅब सुरू व्हायचा, लाखाच्या वर 7.75. एकवीस हजार डॉलरवाला श्रीमंत का? तुमच्या हिशोबाने असेल बहुतेक.

2013 ला कायदा बदलला, 2014 पासून सगळ्यांना एकच 5.8 टक्के, पुढे उतरत उतरत 2025 ला 4.25 आणि 2026 ला 3.99. आणि हे टीकाकार कधीच सांगत नाहीत, जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन 6,000 वरून आधी 15,000 आणि आता 25,500 केलंय. म्हणजे पहिल्या साडेपंचवीस हजारांवर राज्य एक छदाम घेत नाही. तेव्हा माझ्यासारख्याच्या हातात जे चार पैसे उरले त्यातून मुलीचं डेकेअर भागलं, मी तुम्हाला अनुभवाचं सांगतोय, कुठल्या थिंक टँकचं नाही.

आणि उंटाचं म्हणाल तर बसलंय कोण? महाराष्ट्रात तुमच्या पगारातून राज्य सरकार प्रोफेशनल टॅक्स कापतं, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, झाले वर्षाचे 2,500 रुपये, त्याच्या वर जायला राज्यघटनाच आडवी येते. इन्कम टॅक्स काय तो केंद्राचा. आम्ही केंद्राचा भरून परत डी-400 फॉर्म भरून राज्याचा वेगळा भरतो. ज्यांनी हा टॅक्स जन्मात भरला नाही त्यांनी तो किती असावा हे आम्हाला शिकवायचं, वा!

कॅन्ससचं उदाहरण तर आता गुळगुळीत झालंय. 2012 ला गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी वरचा दर 6.45 वरून 4.9 वर आणला, ठीक, पण जोडीला एलएलसी (छोट्या खाजगी कंपन्या) वगैरेमधून येणाऱ्या धंद्याच्या उत्पन्नावरचा टॅक्स पूर्ण माफ केला. मग काय, ज्याला जमेल त्याने आपली कमाई धंद्याची म्हणून दाखवली, तिजोरीला भोक पडलं, आणि 2017 ला त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने गव्हर्नरचा व्हेटो (नकाराधिकार) झुगारून ते रद्द केलं. इथे तसं नाहीये. इथे सवलती छाटल्या, टप्प्याटप्प्याने उतरले, आणि 3.99 च्या खाली जायचं तर ठरलेला महसूल आधी जमा व्हावा लागतो. गंगाजळी शाबूत आहे, 2024 ला हेलीन वादळ आलं तेव्हा त्यातूनच पैसे काढता आले. कॅन्सस म्हटलं की वाद संपला असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

सेल्स टॅक्सचं मात्र मान्य. 2016 पासून दुरुस्तीच्या मजुरीवरही तो लागतो, गाडीचे ब्रेक बदलले तर पार्टवरही आणि मेकॅनिकच्या तासांवरही, आमच्या वेक काउंटीत 7.25 टक्के. हे मूळ लेखात एका ओळीत यायला हवं होतं, घ्या, दिलं तुम्हाला.

शिक्षकांच्या पगाराचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, इथे नको.

बाकी 'तुमच्यासारखे एनआरआय' अशी सुरुवात असलेली कमेंट यापुढे अप्रूव्ह होणार नाही. आकडे घेऊन आलात तर अनामिक नावानेही चालेल, चहा-बिस्किटं माझ्याकडून.