छतावरचा उंट

मराठीत कंटाळ्याचे दोन प्रकार आहेत. एक कंटाळा येतो आणि दुसरा केला जातो. येतो तो शिंकेसारखा, त्यात आपला दोष नसतो. केला जातो तो मात्र गुन्हा. लहानपणी मी ‘कंटाळा आलाय’ म्हणायचो आणि आई म्हणायची, ‘कंटाळा करू नकोस.’ एका क्रियापदावरून सुरू झालेला हा खटला तीसेक वर्षं चालला आणि निकाल प्रत्येक वेळी आईच्याच बाजूने लागला.

त्यामुळे कंटाळा आल्याने माणसाची कल्पकता वाढते, असं जेव्हा माझ्या वाचनात आलं, तेव्हा मला अपिलात जिंकल्यासारखं वाटलं. सँडी मान आणि रिबेका कॅडमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. त्यांनी काही जणांना पंधरा मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायला लावले आणि मग दोन थर्माकोलचे पेले पुढे ठेवून विचारलं, यांचे काय काय उपयोग होतील ते सांगा. नंबर उतरवून वैतागलेल्यांना न वैतागलेल्यांपेक्षा जास्त उपयोग सुचले. दुसऱ्या फेरीत काहींना ते नंबर नुसते वाचायला लावले, तर त्यांची प्रतिभा आणखीनच बहरली.

खरं म्हणजे हे संशोधन आपल्याकडे केव्हाच झालेलं आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पिढ्यानपिढ्या आपण ही म्हण त्या बिचाऱ्याला हिणवण्यासाठी वापरली. पण विचार करा, गिऱ्हाईक नाही, हातात तुंबड्या आहेत आणि समोर भिंत आहे. या तिन्हींचा संबंध जोडणारा तो पहिलाच माणूस! थर्माकोलच्या पेल्यांची परीक्षा त्याने दिली असती तर पहिला आला असता.

मीही प्रयोग करायचं ठरवलं. घरात डिरेक्टरी नव्हती, म्हणून वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका काढली. जगात यापेक्षा कंटाळवाणं वाङ्मय नसेल अशी माझी समजूत होती. पण तिसऱ्या पानावर मला आमच्या मशीनचं एक बटण भेटलं, जे सहा वर्षांत आम्ही कधी दाबलेलंच नव्हतं. मी ताबडतोब उठून ते दाबलं. मशीन थरथरलं, एक दिवा लागला, विझला आणि दार लॉक झालं. पुढचा दीड तास आत अडकलेले टॉवेल सोडवण्यात इतका रंगतदार गेला की कंटाळा राहूनच गेला.

तेव्हा मग साधा मार्ग धरला. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीत नुसतं बसायचं. मोबाइल कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली. पुस्तक नाही, टीव्ही नाही, काही नाही.

बसण्याआधी आणखी एक प्रयोग वाचला होता, तो वाचायला नको होता. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. विरंगुळ्याला फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका. झटक्याची चव त्यांना आधीच देऊन झाली होती आणि ‘पुन्हा नको, वाटल्यास पदरचे पैसे देऊ’ असं त्यांनी सांगितलंही होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो आपण होऊन घेतला. एका गृहस्थाने तर १९० वेळा. म्हणजे मिनिटाला बारा-तेरा. वाचताना मला या माणसाचं हसू आलं होतं. स्वतः बसलो आणि चौथ्या मिनिटाला माझी नजर त्याच्यासारखीच भिंतीवर बटण शोधू लागली.

त्याआधी तिसऱ्या मिनिटाला खिशात मोबाइल थरथरला होता. मोबाइल कपाटात होता. खिशात रुमाल होता.

घड्याळाकडे पाहिलं तर सेकंदकाटा थांबलेला. सेल संपला म्हणून आनंदाने उठणार, तोच चालू लागला. याला थांबलेल्या घड्याळाचा भ्रम म्हणतात. नजर झटकन एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारते, त्या उडीतला वेळ मेंदू पुढच्या क्षणाच्या खात्यावर जमा करतो आणि तो पहिला सेकंद उगाच लांबतो. पहिलाच लांबतो, असं शास्त्र म्हणतं. माझ्या बाबतीत उरलेले ८९९ सुद्धा लांबले.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हॅग्रिअस नावाचा एक ख्रिस्ती साधू राहत होता. भर दुपारी एक राक्षस येतो आणि सूर्याला जागच्या जागी थांबवून ठेवतो, दिवस ५० तासांचा वाटायला लागतो, असं त्याने लिहून ठेवलंय. हा राक्षस साधूला सारखं खिडकीबाहेर बघायला लावतो, जेवायची वेळ झाली का म्हणून उन्हाकडे बघायला लावतो. सोळाशे वर्षांपूर्वी, वाय-फाय नसताना, ज्यांनी जन्मभर शांत बसायचं व्रत घेतलं होतं त्यांची ही तऱ्हा. मला जरा धीर आला.

खरी परीक्षा मात्र घरच्यांनी घेतली. हातात मोबाइल घेऊन दोन तास पडलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी काही विचारत नाही. तो कामात असतो. रिकाम्या हाताने पाच मिनिटं बसलेला माणूस मात्र घराच्या काळजीचा विषय होतो.

‘‘काय झालं रे?’’ बायको.

‘‘काही नाही. बसलोय.’’

‘‘ते दिसतंय. पण झालंय काय? ऑफिसमध्ये काही बोललं का कोणी?’’

मुलीने दारातून डोकावून विचारलं, ‘‘बाबा, नेट गेलंय का?’’ आणि उत्तराची वाट न बघता घाबरून स्वतःचं नेट तपासायला पळाली. आई तर सरळ म्हणाली, ‘‘रिकामाच आहेस तर माळ्यावरची ती पेटी काढून दे.’’ मी सांगितलं की मी रिकामा नाही, मी कंटाळा आणतोय. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आणायला कशाला हवा? तुझ्याकडे पहिल्यापासून आहे.’’

मुद्दा असा की तो आणायला गेलं की येत नाही. कंटाळ्यासाठी मांडी ठोकून बसलं की डोकं कामांच्या याद्या काढतं, जुनी भांडणं नव्याने जिंकतं, नाहीतर सरळ झोपी जातं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मी घोरलो. ते दिवस मी हिशोबात धरत नाही.

चौथ्या दिवशी मला छतावर उंट दिसला. पंख्याच्या डाव्या अंगाला एक बशीएवढा फिकट डाग होता, त्यालाच मान होती, चार पाय होते आणि पाठीवर एक मदार. इतकी वर्षं मी याच खुर्चीत बसतोय, पण उंट कधी दिसला नव्हता. म्हणजे कंटाळा कामाला लागला होता! सहाव्या दिवशी उंटाला शेपूट आली. आठव्या दिवशी पाठीवर दुसरी मदार फुटली. दोन मदारींचे उंट मध्य आशियात असतात. माझा उंट बहुधा तिकडे निघाला असावा. रोज खुर्चीत बसलो की काहीतरी नवं दिसायचं. आपली कल्पनाशक्ती अशी दिसामाशी नव्हे, दिवसागणिक वाढताना बघून ऊर भरून येत होता. साधनेच्या यशाची माझी सगळी मदार त्या दोन मदारींवर होती.

बायकोला हे सांगताना मी शास्त्राचाही आधार दिला. मार्कस रेकल नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००१ साली मांडलं की आपण काही करत नसतो तेव्हाही मेंदू स्वस्थ नसतो. त्याचे काही भाग तर तेव्हाच जास्त कामात असतात. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली २० टक्के एकटा खातो.

‘‘म्हणजे तू बसून दमतोस,’’ ती म्हणाली.

हो, दमतो. कारण मेंदू त्या ऊर्जेचं काय करतो हे कोणी सांगत नाही. माझ्या मेंदूने पहिले काही दिवस ती सगळी ऊर्जा सातवीतल्या वक्तृत्व स्पर्धेवर खर्च केली. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग’ एवढं बोलून मी पुढचं विसरलो होतो आणि मग तेच तीनदा म्हणून खाली बसलो होतो. ते भाषण मला खुर्चीत बसल्या बसल्या शब्दन् शब्द आठवलं. बत्तीस वर्षं उशिरा.

दहाव्या दिवशी मात्र चुळबूळ थांबली. पाय हलायचा थांबला, खिसा थरथरायचा थांबला. पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि तिच्याखाली आणखी एक बारीक आवाज. टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्. मन निवावं म्हणून लोक कानात पाण्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून बसतात. मला तो आवाज आतूनच येऊ लागला होता. याहून मोठी शांती मी अनुभवलेली नाही, आणि मुलीने विचारलं तेव्हा मी तिला तसं, डोळे न उघडता, सांगितलंही.

बाराव्या दिवशी कल्पना सुचली. काय कल्पना होती! एकाच वेळी सोपी, नवी आणि माझी. लिहायला जवळ काही नव्हतं. मी कपाटाकडे धावलो, स्वेटर उपसले, मोबाइल काढला. पडद्यावर चौदा मेसेज होते. पंधरावा आला. ते सगळे बघून मी टिपणाची पाटी उघडली आणि त्यावर ‘अध्यक्ष महोदय’ अशा मुद्रेने बघत राहिलो. कल्पना गेली होती. पेल्यांशी तिचा काही संबंध नव्हता, एवढंच आता खात्रीने सांगता येईल.

तेव्हापासून मी खुर्चीत बसतो ते ती परत यावी म्हणून. काल बायकोही शेजारी येऊन बसली. तिलाही कसलासा कंटाळा आला होता, खरा, न मागता आलेला. मी तिला उंट दाखवला.

‘‘उंट कुठला? ते तुझे काका आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘हे नाक, हा चष्मा.’’

‘‘चष्मा नाही, मदारी आहेत त्या.’’

‘‘दोन मदारी आणि मधे दांडी? चष्माच आहे.’’

मुलगी आली, तिला स्कूटर दिसली. वीसेक मिनिटं आम्ही तिघं माना वर करून भांडत होतो. इतक्यात आई काठी टेकत बाहेर आली. तिने आमच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग पंख्याखालच्या सतरंजीवर पाय दाबून पाहिला.

‘‘वरच्यांची मोरी गळतेय,’’ ती म्हणाली. ‘‘दोन आठवडे रोज इथेच बसून वर बघत होतास ना रे तू?’’