आमची घोडेमोडणी

आमच्या भागीदाराची फेरी चुकते. ते राहतात पर्वरीला, घोडी उभी असते डिचोलीला, आणि म्हापसा-अस्नोडा असं जे यायचं त्या वाटेवर फेरीबोट कुठे लागतच नाही. तरी गेल्या पावसाळ्यात तीन रविवार त्यांची फेरी चुकली. तुम्हालाही घोड्यात असा भागीदार लाभला असेल आणि भागी मोडायचं मनात घोळत असेल, तर घाबरू नका. मोडणं अगदी सोपं असतं. मी चार वेळा मोडली आहे.

करार लिहून घेतला नाही याचं आधी वाईट वाटून घेऊ नका. आमचं ठरलं ते चवथीच्या दुसऱ्या दिवशी, नेवऱ्या खाता खाता. खर्च निम्मा, काम निम्मं, रपेट निम्मी. अर्धेलीने शेत करतात तसं. नेवऱ्या संपल्या तेव्हाच काम निम्मं हे कलमही संपलं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. लिहून घेतलं असतं तर लवकर लक्षात आलं असतं, एवढाच काय तो फरक.

तसा भागीदार वाटणीला पक्का. त्यांनी घोडीचे दोन सरळ भाग केले: पुढचा त्यांचा, मागचा माझा. पुढे काय काय येतं? आमची चंपी मारवाडी. कान आत वळलेले, उभे केले की टोकाला टोक भिडतं आणि कपाळावर छोटी कमान उभी राहते. त्या कमानीतून सूर्य मावळताना दिसेल असा फोटो काढायला ते अर्धा तास जमिनीवर पालथे पडू शकतात. मागे काय येतं ते मी सांगायला नको. दिवसाला आठेक किलो सुका चारा आणि तीसेक लिटर पाणी एका बाजूने आत गेलं की दुसऱ्या बाजूने बाहेरही येतं, आणि ते रविवार बघून येत नाही.

मग पावसाळा. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत घोडा पाळणं म्हणजे ओल्या पायपुसण्यावर चार महिने काढणं. तबेला कितीही झाडा, खुराच्या तळाच्या मऊ भागात चिखल बसतो, तिथे सडायला लागतं, आणि आकडीने खूर साफ करताना काळा पू येतो. त्याचा वास हाताला लागला की साबण हरतो. त्या हाताने जेवायचं म्हणजे चमचा लागतो. नाल काढून खूर तासायला दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद हवा. आमचा येतो बेळगावहून, चोर्ला घाट उतरून, आणि घाटात दरड आली नाही तर. तो आजवर एकदाही चुकलेला नाही. पर्वरी मात्र लांब पडते.

भागीदार न आल्याचा त्रास करून घेऊ नका. खरा धोका ते आल्यावर असतो, कारण त्यांना भरपाई करायची असते. मागे दोन रविवार बुडवून ते एका शनिवारी संध्याकाळी अचानक उगवले. मी बाजारात होते. त्यांनी पाहिलं, घोडी बारीक दिसते (ती मारवाडी आहे, ती बारीकच दिसते), आणि दोन रविवारची चंदी एकदम तोबऱ्यात ओतली. भिजवलेला हरभरा, भरडा, वर गुळाचा खडा. मग तिचे चार फोटो काढून ते परतले, फेरी चुकायच्या आत.

घोड्याचं जठर त्याच्या आकाराच्या मानाने इवलंसं असतं, फार तर पंधरा लिटरचं. त्याला दिवसभर थोडं थोडं चरायचं असतं. आणि घोड्याला उलटी होत नाही. माणसाचं चवथीला जास्त झालं तर सोय आहे. घोड्याला जे आत गेलं ते पुढेच जायला हवं. रात्री नऊला चंपी पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे अशी बघत होती, जणू तिथे कुणी तरी बसलंय. मी तिच्या पोटाला कान लावला. एरवी तिथे गिरणी चालू असते, गुरगुर, गडगड. त्या रात्री गिरणी बंद. डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, लोळू देऊ नका, फिरवत राहा. लहानपणी पाठ केलेलं, घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. ते कोडं कुणी घातलं असेल त्याने अशा रात्री नक्की घोडा फिरवला असणार. पहाटे चारपर्यंत मी तिला अंगणात गोल गोल फिरवत होते, अंगावर इरलं, हातात टॉर्च, वर आषाढ. साडेचारला तिने लीद टाकली. एखाद्या गोष्टीकडे इतक्या प्रेमाने मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

सकाळी आठला भागीदारांचा मेसेज: चंपी कशी आहे? काल खूप खूश दिसली.

या क्षणी भागी मोडू नये. मी मोडली, आणि ती तिसरी खेप होती. रागात मोडलं की समोरच्याला समजूत काढायची संधी मिळते, आणि समजूत काढण्यात आमचे भागीदार फार मेहनती आहेत. ते त्याच दिवशी दुपारी आले, पहिल्यांदाच सांगितलेल्या वेळी, विसवणाची, म्हणजे सुरमईची, पिशवी घेऊन. विसवणाचा भाव काय चाललाय तुम्हाला ठाऊक आहे. मी आमटी केली.

पहिल्या दोन वेळी मी आडून सुचवलं होतं. तुम्हाला दगदग होते हो, असं म्हटलं. ते म्हणाले, होते खरी, पण चंपीसाठी काहीही. त्यांना साक्षात्कार होईल अशी वाट बघणाऱ्यांनी गोव्यात 'फाल्यां' या शब्दाचा अभ्यास करावा. कोशात त्याचा अर्थ उद्या असा आहे. वापरात तो काळ नसून स्वभाव आहे.

घरच्यांनी आणखी एक भीती घातली. आपल्याकडे जमीन कसेल त्याची. कूळ कायदा 1964 चा, मुंडकार कायदा 1975 चा. ज्याला शेतात राहायला दिलं त्याला सहज उठवता येत नाही, आणि मामलेदाराकडे तारखा पडत राहतात त्या नातवंडं बघतात. मग घोडी बसेल त्याची का होणार नाही? म्हणून काळजी घ्या. चंदीची पावती भागीदाराच्या नावे करू नका. खोगीर त्यांचं असेल तर ते तुमच्या पागेत ठेवू नका, उद्या तोच कब्जा ठरेल. (हा कायद्याचा सल्ला नाही. मी वकिलाला विचारायला गेले तेव्हा ते हसू आवरेपर्यंत माझी वेळ संपली.) आमच्या बाबतीत एकच गोष्ट माझ्या बाजूने आहे: कसणं सिद्ध करायला वर्षातून काही दिवस तरी शेतात दिसावं लागतं.

पैशाचं बोलायचं तर इतिहासाकडून शिका. पोर्तुगीज 1510 मध्ये आले त्याआधीपासून गोव्याचं बंदर अरबी घोड्यांसाठी गाजलेलं होतं. विजापूर आणि विजयनगर दोघांनाही घोडे हवे असत. सोळाव्या शतकात विजयनगरला राहिलेला पोर्तुगीज घोडेव्यापारी नुनिस लिहून गेलाय की सालुव नरसिंह राजा समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे देई. व्यापाऱ्याने फक्त शेपटी आणून दाखवायची. मला पूर्वी हा राजा भोळा वाटायचा. आता महिनाअखेरीला भागीदार निम्म्या खर्चाचा निम्मा भाग पाठवतात, सोबत एक हसरा चेहरा, आणि मी तो घेऊन हिशेबाच्या वहीत जमा करते, तेव्हा वाटतं, शेपटी तरी येते आहे.

एक उपाय मात्र मनापासून सुचवते. शिगम्यात आमच्याकडे आणि सत्तरीत घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा बांधलेला, अंगावर झूल, हातात तलवार, पायात घुंगरू, आणि ढोल-ताशावर पुरुष मंडळी पुढे-मागे मोडणी करत जातात. तो घोडा खात नाही. त्याला पोटशूळ होत नाही, नालबंद लागत नाही, आणि कमरेखालचे पाय ज्याचे त्याचे असल्याने वाटणीचा वादच नाही. शिगमा झाला की घोडा माळ्यावर. असा एक घोडा करून भागीदारांना भेट द्यावा, असं मी ठरवलंही होतं. मग कळलं की ते शिगम्यात चंपीला मिरवणुकीत आणणार आहेत, असं त्यांनी तीन गावांना सांगून ठेवलंय. ढोल-ताशा, गुलाल, आणि पावसाच्या वळचणीच्या आवाजाला बुजणारी घोडी.

तेव्हा चौथ्यांदा मोडली. या वेळी रीतसर, समोर बसून, चहा न देता. मी म्हटलं, बाब, आपलं जमत नाही. पुढच्या महिन्यापासून चंपी माझी एकटीची. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, तुमचं बरोबर आहे. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, खोगीर न्यायला रविवारी येऊ? सात वाजता?

रविवारी सातला पाच मिनिटं कमी असताना फाटक वाजलं. मी हातात खरारा घेऊन पागेत होते, चंपीची डावी बाजू झाली होती, उजवी राहिली होती. त्यांचा आवाज ऐकताच तिचे कान टोकाला टोक भिडले आणि ती माझ्याकडे पाठ करून फाटकाकडे हुंकारली. मला ती कधी हुंकारत नाही. मी चंदी देते, ते गूळ देतात. त्यांनी तिचं नाक कुरवाळलं, खिशातून खडा काढला, मग माझ्या हातातला खरारा घेतला आणि उजव्या बाजूला लागले. चांगला तासभर घासत होते. निघताना खोगीर खुंटीवरच राहिलं.

म्हणाले, पुढच्या रविवारी नेतो.