तिसऱ्या घंटेला सगळे एकाच दाराने

नाटकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाका, एक प्लगिन (त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवा, महिना ५०० रुपयांचा सर्व्हर घ्या, ओबीएस या कॅमेऱ्याचं चित्र इंटरनेटवर पाठवणाऱ्या प्रोग्रामवरून प्रयोग सोडा. दोन दिवसांत स्वतःचं लाइव्ह थिएटर तयार, लिंक फक्त तिकीटवाल्यांना दिसणार, कमिशन कुणालाच नाही. दादर ते डोंबिवली, तीन हौशी संस्थांनी तो मला पाठवून ‘कधी सुरू करायचं?’ विचारलंय. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

‘दोन दिवसांत’ हे खरं आहे. ओबीएस फुकट, सर्व्हरवर तो व्हिडिओ झेलणारं एनजिनएक्सचं आरटीएमपी मोड्यूल फुकट, व्हिडिओचं रूप बदलणारं एफएफएमपेग फुकट. ओबीएसकडून आरटीएमपीने (व्हिडिओ सलग पाठवायच्या पद्धतीने) आलेला व्हिडिओ सर्व्हरवर एचएलएस या दुसऱ्या पद्धतीच्या सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत कापायचा आणि ब्राउझरमध्ये ते तुकडे ओळीने वाजवायचे. कापायचं कारण, आरटीएमपी थेट ब्राउझरमध्ये चालायचं ते फ्लॅश या जोड-प्रोग्रामच्या जिवावर, आणि फ्लॅश २०२० सरताना गेलं. शनिवारी बसलात तर रविवारी घरातल्या चार फोनांवर चित्र दिसेल. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा इथवरच पाहिलं असावं.

‘५०० रुपयांचा सर्व्हर’ म्हणाल तर जरा त्रैराशिक मांडा. बरं दिसणारं चित्र सेकंदाला ३ मेगाबिट खातं. दोन तासांच्या प्रयोगाला माणशी २.७ जीबी. पाचशे प्रेक्षक म्हणजे एकाच वेळी दीड गिगाबिट, आणि स्वस्त सर्व्हरची लाइन फार तर एक गिगाबिटची, तीही शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेली. तुकडे सीडीएनवरून (ठिकठिकाणच्या सर्व्हरांच्या भाड्याच्या जाळ्यावरून) वाटले की हा प्रश्न सुटतो, पण सीडीएन जीबीमागे पैसे घेतं. ते तिकिटाच्या दरात आधीच धरा.

खरी फजिती मात्र व्हिडिओत नसते. नाट्यगृहात लोक अर्धा तास आधीपासून, वडा खात, रमतगमत येतात. ऑनलाइन प्रेक्षक तिसऱ्या घंटेला येतो आणि सगळे एकाच दाराने. लॉग-इन केलेल्या माणसाला कॅशमधलं, म्हणजे आधीच बनवून ठेवलेलं, पान देता येत नाही. दर माणसामागे पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) जागं होतं आणि डेटाबेसला विचारतं, याचं तिकीट आहे का? माटुंग्यातल्या एका प्रयोगाला आमचा व्हिडिओ ठणठणीत होता, लॉग-इनचं पान मात्र आठ वाजून दोन मिनिटांनी झोपलं. कलाकार विंगेत ताटकळत, आणि मी फोनवर एका काकूंना समजावतोय.

काकूंचं म्हणणं होतं, ‘अहो, पैसे कापले गेले, पण आत सोडत नाहीत.’ चूक माझीच होती. यूपीआयने पैसे भरून झाल्यावर बरेच जण ब्राउझरकडे परत येतच नाहीत, त्यामुळे ‘धन्यवाद’चं पान उघडतच नाही. मी तिकीट त्या पानावर देत होतो. ते द्यायचं असतं पेमेंट गेटवेच्या (पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीच्या) वेबहुकवर, म्हणजे ‘पैसे आले’ असा तिचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट पाठवतो त्या निरोपावर; आणि तोच वेबहुक दोनदा येऊ शकतो, म्हणून ऑर्डर नंबर ताडून.

‘लिंक फक्त तिकीटवाल्यांना’? प्लगिन कुलूप लावतं ते पानाला. व्हिडिओच्या प्लेलिस्टचा (तुकड्यांच्या यादीचा) पत्ता ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कुणालाही सापडतो. थोड्या मिनिटांत मुदत संपणारं सही केलेलं टोकन (त्या पत्त्याला जोडलेला तात्पुरता पास) आणि एका तिकिटावर एकच स्क्रीन, एवढं तरी हवंच. टीव्हीसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करणाऱ्यावर इलाज नाही. एका तिकिटावर अख्खं बिऱ्हाड बघणार, ते बघू दे.

‘कमिशन नाही’ हेही अर्धवट. गेटवे आपला वाटा घेतो, आणि रंगमंचीय प्रयोगाची परवानगी म्हणजे ऑनलाइन दाखवायची परवानगी नव्हे. लेखकाला आणि गाण्यांच्या हक्कदारांना वेगळं विचारा.

अपलोडबद्दल, म्हणजे नाट्यगृहातून सर्व्हरपर्यंत व्हिडिओ पोचवण्याबद्दल, मेसेजमध्ये अवाक्षर नाही. नाट्यगृहातल्या वायफायवर विसंबू नका; दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं न्या आणि प्रयोगाच्याच वेळी, गर्दीत, स्पीड तपासा.

पन्नास-साठ नातेवाईक बघणार असतील तर मेसेजप्रमाणे खुशाल करा. माटुंग्यानंतरच्या प्रयोगाला आम्ही साडेसातलाच दार उघडलं आणि रंगपटातली लगबग दाखवत राहिलो. काकू पावणेआठलाच येऊन बसल्या. सर्व्हर तोच होता.