एकवीस दिवसांत घरची शाळा आणि बारा सवयी? हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

सोलापुरात ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: मुलांना शाळेतून काढा आणि घरीच ख्रिस्ती शिक्षण द्या. पहाटे ४ ला उठवा. प्रार्थना, बायबलचे रोज ३ अध्याय, घरकाम, अभ्यास अशा १२ सवयी एकदम सुरू करा, २१ दिवसांत त्या अंगवळणी पडतात. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजा. आईने मनावर घेतलं की सगळं होतं. कायद्याची अडचण नाही, दहावी बाहेरून देता येते.

घरी शिकवण्याला आमचा पाठिंबा आहे, म्हणूनच हे खोडून काढणं गरजेचं वाटतं. या यादीवर विसंबून सुरुवात केलेलं घर महिन्याभरात थकतं आणि खापर फुटतं मुलाच्या डोक्यावर.

आधी तो २१चा आकडा. त्याचा मुलांशी काही संबंधच नव्हता. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला बदललेला चेहरा सवयीचा व्हायला साधारणपणे किमान २१ दिवस लागतात. सांगोवांगीत ‘किमान’ गळून पडलं आणि आकडा तेवढा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एकच सवय निवडली होती. ती आपसूक होऊ लागायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त काळ लागला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयीला दीडपट वेळ लागला. हे सगळे मोठे लोक होते आणि सवय त्यांनी स्वतःहून निवडलेली होती. आठ वर्षांच्या मुलाकडून २१ दिवसांत १२ सवयींची अपेक्षा कशी करायची?

‘चुकला तर पुन्हा पहिल्यापासून’ हा नियम तर सरळ नुकसान करतो. त्याच अभ्यासात एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. सतराव्या दिवशी ताप आलेल्या मुलाला पुन्हा एकवर आणलं, तर त्याला एवढंच कळतं की आधीचे सोळा दिवस वाया गेले. मात्र चुकणं वेगळं आणि सूट देणं वेगळं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज ख्रिस्ती शिक्षिकेने सवयींवर फार बारकाईने लिहिलं आहे. त्यांच्या मते खरा धोका सवय लागत आल्यावर येतो. मुलाने इतके दिवस छान केलं, आज राहू दे, असं आईला वाटतं, आणि तिथेच गाडी घसरते.

एकदम बारा सवयींऐवजी एकच घ्या आणि तिला किमान सहा ते आठ आठवडे द्या. उदाहरणार्थ, अभ्यास संपला की वह्या-पुस्तकं जागेवर. त्यासाठी मुलाच्या छातीइतक्या उंचीवर एकच फळी हवी आणि तिच्यावर तीनच जागा: पुस्तकं, वह्या, कंपासपेटी. जागा जास्त झाल्या की मूल विचारात पडतं आणि पसारा तसाच राहतो. वेळ घड्याळावर ठरवू नका. शेवटचा धडा संपला की आधी फळी, मग खाऊ, हा क्रम ठरवा. पहिला आठवडा मुलाबरोबर स्वतः आवरायचं, दोन मिनिटांचं काम आहे. पुढचे दोन आठवडे नुसतं शेजारी उभं राहायचं. त्यानंतर स्वयंपाकघरातून एकदाच विचारायचं, “काही राहिलं का रे?” आणि थांबायचं. बहुतेक घरांत बिघडतं ते इथे. “वह्या उचल, वह्या उचल” असं दहादा म्हटलं की आईचा आवाज हीच मुलाची खूण बनते. मग आई बाजारात गेली की वह्या जमिनीवरच.

पहाटे ४ चं गणित सोलापूरच्या घरात जमतच नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, अशी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. म्हणजे मुलाला उशिरात उशिरा संध्याकाळी ७ ला झोपवावं लागेल. एप्रिल-मे मध्ये रात्री ११ पर्यंत स्लॅब तापलेला असतो, तेव्हा हे कसं व्हायचं? शिवाय ज्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथे पाण्याच्या दिवशी वेळापत्रक कोलमडणारच. म्हणून प्रार्थना घड्याळावर न ठेवता चहा-नाश्त्याला जोडा, नाश्ता रोज होतोच. आणि पाण्याच्या दिवशी गणिताचा धडा नळाजवळ घ्या: १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरते, तर २०० लिटरचं पिंप किती वेळात भरेल? उत्तर १३ मिनिटं २० सेकंद. मुलाला घड्याळ लावून पडताळून पाहू द्या.

रोज ३ अध्यायांचा हेतू चांगला आहे, पण प्रमाण चुकलंय. बायबलच्या पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४०, अध्याय ३० दिवसांत संपतात आणि एकतिसाव्या दिवशी मूल तिसऱ्या पुस्तकातल्या, लेवीयमधल्या, होमबलीच्या (जाळून अर्पण करायच्या बळीच्या) नियमांवर येतं. तिथे लक्ष उडतं, आणि लक्ष नसताना वाचायचीच सवय लागते. लहानांसाठी मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा, एका वेळी एकच प्रसंग. वादळ शांत केल्याचा प्रसंग, मार्क ४:३५–४१, सात वचनांत संपतो. एकदाच वाचा, मग मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या. मध्ये दुरुस्त करू नका. स्तोत्र २३ मध्ये सहा वचनं आहेत. आठवड्याला एक, रात्रीच्या जेवणाआधी म्हटलं तर सहा आठवड्यांत सगळं पाठ. मात्र शिक्षा म्हणून पाठांतर कधीच देऊ नका, वचनाची गोडीच जाते.

‘आईने मनावर घेतलं की’ हे वाक्य आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं. इफिसकरांस पत्रात, ६:४ मध्ये, मुलांना चिरडीस न आणता प्रभूच्या शिस्तीत वाढवण्याची आज्ञा बापांना उद्देशून आहे. वडिलांची कारखान्यात रात्रपाळी असेल, तर वाचन ते घरी आल्यावर ठेवा. दहा मिनिटं त्यांनी वाचावं, मुलाचं ऐकावं आणि तेवढा वेळ मोबाइल फळीवर ठेवावा.

आता कायदा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पालकांसाठी त्यात दंड नाही, पण ‘अडचण नाही’ म्हणणं चूक. चार घरांची मुलं रोज एकत्र बसवून वर्ग चालवला, तर तो विनामान्यता शाळा ठरू शकतो. कलम १८ मध्ये त्यासाठी १ लाखापर्यंत दंड आहे आणि तरीही वर्ग चालूच ठेवला तर दिवसाला १०,००० रुपये. ज्यांना ही जोखीम नको, त्यांनी शाळा चालू ठेवून घरचे दोन तास नीट बसवावेत. सवयी तिथेही लागतात.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे: वय किमान १४, किमान पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. राज्य मंडळाकडून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणून नाव काढताना दाखला हातात घेतल्याशिवाय शाळेबाहेर पडू नका. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर एकच नाव आहे का, तेही तिथेच पाहा. काही घरांत बाप्तिस्म्याचं नाव एक आणि शाळेतलं दुसरं असतं, आणि ते निस्तरायला फॉर्मची मुदत संपत आल्यावर वेळ उरत नाही.