मेजर पूरचे दोन महिने : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मेजर रॉबर्ट पूर या ब्रिटिश लष्करी अधिकारी-क्रिकेटपटूवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की दोन महिन्यांच्या धावांसाठी कुणाला डोक्यावर घेऊन नाचू नये, कसोटीत त्याची सरासरी जेमतेम 12 आहे, आणि साम्राज्याच्या या चाकराचं कौतुक मराठीत हवंच कशाला?

कसोटीचं कबूल. 1896 मध्ये पलटणीबरोबर दक्षिण आफ्रिकेत असताना तो तिथल्या संघाकडून इंग्लंडविरुद्ध तीन सामने खेळला, धावा 76. पहिल्याच कसोटीत पोर्ट एलिझाबेथला इंग्लंडचा गोलंदाज लोहमन यानं 7 धावांत 8 बळी घेतले आणि अख्खा संघ 30 वर गारद झाला. हे मी लेखात ओझरतं उरकलं, आळस माझा.

दोन महिन्यांचंही खरं. 12 जून ते 12 ऑगस्ट 1899. पण अहो, विषयच तो आहे! पगारी खेळाडू सगळा हंगाम राबायचा आणि कपडेसुद्धा वेगळ्या खोलीत बदलायचा. हौशी लष्करी अधिकारी पलटणीतून मोकळीक मिळेल तेवढाच खेळायचा. त्या मोकळिकीत पूरनं हॅम्पशायर या इंग्लिश काउंटी संघासाठी शतकांची रांग लावली. हंगामाची सरासरी 91.23, इंग्लंडमध्ये ती मागे टाकायला 1930 चा ब्रॅडमन यावा लागला. टाँटनला सॉमरसेटविरुद्ध त्याच्या 304, आणि सहाव्या विकेटसाठी 411 ची भागीदारी. जोडीदार कॅप्टन विन्यर्ड, जन्म सहारनपूरचा. म्हणजे धावफलकावर एक मेजर, एक कॅप्टन, आणि उन्हात पळणारे सॉमरसेटवाले. त्याच उन्हाळ्यात हा गडी पलटणीच्या संघातून पोलोही जिंकून आला. एवढी फुरसत कुणाच्या पैशानं, हे विचारायचं तर जरूर विचारा. मीही तेच विचारतोय.

आता मराठीत कशाला? कारण हा माणूस क्रिकेट नेटानं शिकला तो आपल्याकडे. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिसचा एडीसी, म्हणजे लष्करी मदतनीस म्हणून, पंचविशी उलटल्यावर, मुंबई-पुण्यात. गव्हर्नमेंट हाउसच्या सामन्यांत धावांचा रतीब घातला, युरोपियनांच्या संघातून पारशांशी खेळला. त्याआधी, 1880 च्या दशकात, मुंबईच्या मैदानावर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्टीची चाळण केली म्हणून आपले लोक अर्जांवर अर्ज करत होते. पूर त्या घोडेस्वारांत नव्हता, पण पुढे तो ज्या दोन खेळांत चमकला ते दोन्ही इथं एकाच मैदानावर भांडत होते. ही गोष्ट मराठीत नाही सांगायची तर कुठल्या भाषेत?

दक्षिण आफ्रिकेतलं इंग्रज-बोअर युद्ध मी एका ओळीत गुंडाळलं, हा तुमचा सगळ्यात वर्मी लागलेला टोला. तिथं तो प्रोव्होस्ट मार्शल होता. लष्करी पोलीस आणि कैदी त्याच्या अखत्यारीत. 27 फेब्रुवारी 1902 ला प्रिटोरियात मोरांट आणि हँडकॉक या ब्रिटिश बाजूच्याच दोन लेफ्टनंटांना, बोअर कैद्यांना मारल्याबद्दल, गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हाही त्या पदावर तोच. टाँटनच्या त्या खेळीला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

प्रिटोरिया आणि त्या 76 धावा, दोन्ही आज रात्री लेखात घालतो. 304 मात्र काढणार नाही.